सहेरीला खाडीकाठचे ताट

रमजान सुरू झाला की स्टाफरूममध्ये मला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, 'पाणीसुद्धा नाही?' आणि दुसरा, 'मग पहाटे खाता तरी काय?' पहिल्याचे उत्तर एका शब्दात देता येते. दुसऱ्याचे उत्तर मात्र गावोगावी बदलते. मुंबईत मोहम्मद अली रोडच्या आसपास विचाराल तर निहारी, खिमा-पाव, दुधातली फेणी अशी नावे ऐकायला मिळतील. दाभोळला विचाराल तर बऱ्याच घरांतून साधे उत्तर येईल : तांदळाची भाकरी आणि म्हावरे.

पहाटे मासे, हे ऐकून घाटावरचे सहकारी जरा चमकतात. कोकणातल्याला त्यात काही नवल वाटत नाही. रात्रीचे माशाचे सार सकाळी अधिक मुरते, आणि शिळ्या भाकरीबरोबर ते खाऊन कामाला निघणे ही खाडीकाठच्या खारव्याची, भोयाची, भंडाऱ्याची आणि आमची, सगळ्यांचीच न्याहारी. रोजा ठेवणाऱ्याने ती दोन-तीन तास अलीकडे ओढली, एवढेच.

फज्रची म्हणजे पहाटेची अजान होण्यापूर्वी जे खाल्ले जाते ती सहेरी. सध्या रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो आहे. या दिवसांत आपल्याकडे पहाटे साडेपाच-पावणेसहाच्या सुमारास सहेरीची वेळ संपते आणि संध्याकाळी पावणेसातच्या आसपास सूर्य मावळतो. म्हणजे सुमारे तेरा तास अन्न नाही, पाणी नाही. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी सहेरी चुकवू नका, तिच्यात बरकत आहे, अशी शिकवण दिली. ती फार आधी उरकून न टाकता पहाटेच्या जवळ खावी, असेही सांगितले. बरकत शब्दाचा अर्थ निव्वळ भरपूरपणा नव्हे. थोडक्यात पुष्कळ भागणे, ही बरकत. सहेरीच्या ताटाची परीक्षा नेमकी तिथेच होते. पोट तुडुंब भरले की नाही हा प्रश्न नसतो, दुपारी तीन वाजता माणूस उभा आहे की नाही हा असतो.

बंदर, चंद्र आणि पंचांग

दाभोळ हे वाशिष्ठीच्या मुखावरचे गाव. दापोलीहून उतरून आलात की समोर खाडी, पलीकडे धोपावे आणि दोन्ही काठांना जोडणारी फेरीबोट. बाहेरच्यांना गावाचे नाव आठवते ते वीजप्रकल्पामुळे. तो खरे तर पलीकडच्या गुहागर तालुक्यात, अंजनवेलला. बंदर म्हणून दाभोळची ओळख त्याहून काही शतकांनी जुनी आहे. बहमनी आणि पुढे आदिलशाही काळात पश्चिम किनाऱ्यावरच्या मोठ्या बंदरांत त्याची गणना होती. अरबस्तानातले घोडे इथे उतरत, हजला जाणारे इथून जहाजात चढत. सतराव्या शतकातली शाही मशीद आजही खाडीकडे तोंड करून उभी आहे.

रशियन व्यापारी अफनासी निकितिन १४७० च्या दशकाच्या सुरुवातीला याच बंदरातून होर्मुझच्या वाटेला लागला. वाटेतल्या लुटीत त्याची धर्माची पुस्तके गेली होती, त्यामुळे आपले सण कधी येतात याचा त्याचा हिशेब सुटला होता. तेव्हा हिंदुस्तानात असताना त्याने मुसलमानांच्या रोज्यांबरोबर आपलेही उपवास धरले, हे त्याच्या प्रवासवर्णनात नोंदलेले आहे. आपले पंचांग हरवलेल्या माणसाने शेजाऱ्याचे वापरले.

दाभोळच्या मच्छीमाराला यात काहीच वेगळे वाटणार नाही. त्याला धर्म कोणताही असो, चंद्र बघावाच लागतो. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती, अष्टमीच्या आसपास भांगाची. रमजानचा चांद दिसतो तो शुद्ध प्रतिपदा-द्वितीयेच्या संध्याकाळी, म्हणजे उधाणाच्या दिवसांत. सातव्या-आठव्या रोज्याला भांग, चौदाव्या-पंधराव्याला पुन्हा उधाण. खाडीतले डोल जाळे पाण्याच्या ओढीवर चालते, म्हणून कोळंबी आणि जवळा कधी बरा मिळेल हे तिथीवरून सांगता येते. हिंदू शेजारी भिंतीवरच्या पंचांगात तिथी पाहतो, आम्ही रोजे मोजतो. आकडा जवळपास तोच निघतो.

म्हावरे घेऊन दारावर येणारी आमची खारवी काकी रमजानात सकाळऐवजी दुपारनंतर येते. तिला कुणी सांगावे लागत नाही. माझ्या आईला ती चाची म्हणते आणि टोपली उतरवतानाच निवाडा करते : 'हे इफ्तारीला तळा, ते सहेरीला ठेवा.' कुठल्या माशाने तहान लागते आणि कुठल्याने लागत नाही याचे तिचे ज्ञान पक्के आहे, आणि तिने आयुष्यात एकही रोजा ठेवलेला नाही.

मासाच का?

सहेरीला पोहे, पाव-चहा किंवा दुधातली फेणी खाल्ली तर पोट लगेच भरते आणि दहा-अकराला रिकामे होते. मैदा आणि साखर झपाट्याने पचतात. प्रथिने आणि थोडी स्निग्धता पोटात जास्त वेळ टिकतात. शंभर ग्रॅम बांगड्यात साधारण १९ ग्रॅम प्रथिने असतात. कोळंबीतही जवळपास तेवढीच. बांगडा आणि तारली हे तेलाचे मासे, त्यांच्यातले ओमेगा-३ हृदयाला चांगले म्हणून डॉक्टर गोळ्यांतून देतात. इथे ते काकीच्या टोपलीतून येते. सोबत तांदळाची भाकरी किंवा खिचडी असली की दिवसभराच्या कामाचीही सोय होते.

मटणाच्या तुलनेत मासा पोटाला हलका. पहाटे जेवून लगेच नमाज, मग थोडी झोप, मग नोकरी किंवा कॉलेज. इतक्या वेळात जड रस्सा खाली उतरत नाही, छातीत जळजळ होते. मासा बिचारा त्रास देत नाही. अट एकच, की तो तळलेला आणि झणझणीत नसावा. रवा लावून तळलेली सुरमई इफ्तारीनंतर खुशाल खावी. सहेरीला मात्र सार, खिचडी किंवा तव्यावर परतलेला मासा.

जगात इतरत्रही लोक हेच करत आले आहेत. जपानात भात, मिसो सूप आणि भाजलेला मासा ही पारंपरिक न्याहारी. म्यानमारमध्ये माशाच्या सारातल्या शेवया, म्हणजे मोहिंगा, सकाळी रस्त्यावर मिळतात. आणि आपल्या खिचडीला तर इंग्रजांनी साहेबी न्याहारीच्या टेबलावर नेले. तिकडे तिचे नाव 'केजरी' झाले, डाळ गळाली, धुरी दिलेला मासा आणि उकडलेले अंडे आले. व्हिक्टोरियन काळातल्या बड्या घरांत ती सकाळी वाढली जायची.

सुके मासे : दोन जाती ओळखा

हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असते. त्यामुळे रमजान सगळ्या ऋतूंतून फिरतो, सुमारे ३३ वर्षांत एक फेरी पूर्ण करतो. २०३० साली तर जानेवारीत एक आणि डिसेंबरच्या अखेरीस दुसरा, असा दोनदा सुरू होईल. उलट २०१५ आणि २०१६ साली अख्खा रमजान पावसाळी मासेमारी बंदीच्या काळात आला होता. १ जून ते ३१ जुलै होड्या किनाऱ्यावर, बाजारात ताजा मासा दुर्मीळ, आणि रोजा जवळजवळ साडेचौदा तासांचा. तेव्हा घरोघरी माळ्यावरचे डबे खाली आले.

सुके मासे म्हटले की लोक म्हणतात, छे, रोज्यात तहान लागेल. हे अर्धेच खरे आहे. सुक्या म्हावऱ्याच्या दोन जाती आहेत. खारा बांगडा, खारी सुरमई हे मिठात मुरवून वाळवतात. ते सहेरीच्या ताटात नकोतच. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे असे सांगते, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. खाऱ्या माशाच्या एका तुकड्यात त्यातला मोठा वाटा निघून जातो आणि दुपारी घसा कोरडा पडतो. सोडे, जवळा आणि बोंबील मात्र बहुतेक वेळा नुसत्या उन्हात वाळवलेले असतात. पाणी गेल्यामुळे त्यांत प्रथिने एकवटतात. नीट वाळलेल्या बोंबलाच्या वजनात निम्म्याहून अधिक प्रथिनेच असतात. घेताना एक सोडा जिभेवर ठेवून बघावा. खारट लागला नाही तर तो सहेरीचा. तरीही भिजवून, दोन पाण्यांतून धुऊन घ्यावा, कारण वाळू सुटत नाही.

तीन ताटे

पुढच्या तिन्ही कृती चार माणसांच्या आहेत. रोजा नसणाऱ्यांनी रविवारी सकाळी कराव्यात, चव तीच लागते.

कोळंबीची खिचडी. दोन वाट्या तांदूळ आणि अर्धी वाटी मूगडाळ धुऊन ठेवा. पाव किलो सोललेली कोळंबी, पाठीतला काळा धागा काढून, हळद आणि चिमूटभर मीठ लावून फ्रीजमध्ये ठेवा. हे सगळे संध्याकाळी. पहाटे दोन चमचे तेलात एक कांदा आणि चमचाभर आले-लसूण परता, डाळ-तांदूळ घाला, पाच वाट्या कढत पाणी ओता आणि झाकण ठेवा. पंधरा मिनिटांनी कोळंबी आणि पाऊण वाटी नारळाचे दूध घालून मंद आंचेवर पाच मिनिटे. कोळंबी सुरुवातीला घातली तर रबर होते. वरून कोथिंबीर आणि लिंबू.

घावन आणि बांगडा. दोन मोठे बांगडे साफ करून हळद, थोडे मीठ आणि दोन आमसुले घालून वाटीभर पाण्यात झाकून आठ-दहा मिनिटे शिजवा. निवले की काटे काढून मास सुटे करा. काट्यांचे काम संध्याकाळीच उरका, कारण पहाटे अर्धवट झोपेत मुलांच्या घशात काटा अडकायला वेळ लागत नाही. पहाटे चमचाभर तेलात कांदा, अर्धी मिरची परतून त्यात हे मास आणि मूठभर ओले खोबरे घालून गरम करा. घावनाला दोन वाट्या तांदळाचे पीठ, साधारण चार वाट्या पाणी, चवीला मीठ. पीठ तळाशी बसते, म्हणून प्रत्येक घावनाआधी ढवळायचे. बिडाचा तवा चांगला तापला की बाहेरून आत पातळ ओतायचे, झाकण ठेवायचे. दीड-दोन मिनिटांत जाळी पडते.

सोड्यांची अंडी. मूठभर सोडे धुऊन रात्री पाण्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा. पहाटे पिळून बारीक चिरा, कांदा-टोमॅटोबरोबर परता, मऊ झाले की चार अंडी फोडून घाला. भाकरी रात्रीची असली तरी चालते. दहा मिनिटांचे काम. वसतिगृहात राहणाऱ्या रोजेदार विद्यार्थ्यांना मी हीच कृती सांगतो.

तिन्हींबरोबर काकडी किंवा एखादे केळे, आणि पाणी. पाणी शेवटच्या दोन मिनिटांत तांब्याभर ओतून उपयोग नाही, इफ्तारीपासून झोपेपर्यंत थोडे थोडे प्यावे. सोलकढी करायची तर मिरची आणि मीठ हात राखून.

एक सावधगिरी. बांगडा किंवा तारली रात्रभर बाहेर राहिली की बिघडते, आणि तो बिघाड पुन्हा उकळून जात नाही. अंगावर गांधी उठतात, डोके दुखते, उलट्या होतात. शिजवलेला मासा निवला की फ्रीजमध्ये गेला पाहिजे. यूरिक अॅसिड, मूत्रपिंड किंवा मधुमेहाचा त्रास असणाऱ्यांनी आहार आणि रोजा दोन्हींबाबत डॉक्टरांना विचारावे. आजारी माणसाला, प्रवाशाला, गरोदर बाईला धर्मानेच सवलत दिली आहे.

कोळंबी चालते का?

हा प्रश्न मला हिंदू मित्रांपेक्षा घाटावरचे मुस्लिम मित्रच अधिक विचारतात. कारण साधे आहे. उत्तर हिंदुस्तानात आणि दख्खनच्या आतल्या भागात बहुतेक मुसलमान हनफी मसलकाचे. त्यांच्या फिकहनुसार समुद्रातला मासा चालतो, खेकडा आणि तिसऱ्या चालत नाहीत, आणि कोळंबीला मासा म्हणायचे की नाही यावर विद्वानांत जुना वाद आहे. कोकणी मुसलमान मात्र प्रामुख्याने शाफई. अरबी व्यापाऱ्यांबरोबर समुद्रमार्गे आलेला हा मसलक केरळपासून इंडोनेशियापर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने पसरला. त्यात समुद्रातले जवळजवळ सारे काही हलाल. खेकड्याबाबत तेवढे मतभेद आहेत.

म्हणून एकाच दस्तरखानावर बसलेल्या दोन मुसलमानांपैकी एक तिसऱ्यांची वाटी पुढे ओढतो आणि दुसरा हळूच मागे सरकवतो, हे दृश्य आमच्याकडे नेहमीचे. कुणी कुणाला टोकत नाही. पाहुण्यासाठी बांगडा वेगळा ठेवलेला असतो. 'मुसलमान लोक काय खातात' या प्रश्नाला एक उत्तर नाही, ते यामुळेच. दाभोळचा मुसलमान काय खातो हे ठरवण्यात खाडीचा वाटा मोठा आहे, आणि त्याचे ताट शेजारच्या खारव्याच्या ताटासारखे अधिक दिसते, लखनौच्या ताटासारखे कमी.

उठते कोण?

सहेरीच्या आरोग्याबद्दल पुष्कळ लिहिले जाते. सहेरी करणारीच्या आरोग्याबद्दल कमी. बहुतेक घरांत एक बाई सगळ्यांच्या आधी तासभर उठते. चूल पेटवते, भाकऱ्या थापते, मग एकेकाला हाका मारते. कुणाला कमी तिखट, कुणाला चहा आधी, कुणी पांघरुणातूनच 'पाच मिनिटे' म्हणतो. सगळ्यांना वाढून होईपर्यंत घड्याळात चार-पाच मिनिटे उरतात आणि ती उभ्याउभ्या दोन घास आणि पेलाभर पाणी पिऊन नियत करते. तिलाही तेच तेरा तास काढायचे असतात. दुपारी चारपासून पुन्हा इफ्तारीसाठी त्याच चुलीपुढे उभे राहायचे असते, तेही मीठ चाखून न बघता.

माशाच्या बाजूने माझे खरे म्हणणे हे आहे. मटण शिजायला तास लागतो, कोळंबीला पाच मिनिटे आणि बांगड्याला दहा. माशाचे कष्ट शिजवण्यात नाहीत, साफ करण्यात आहेत, आणि साफसफाई संध्याकाळी करता येते. ती वाटूनही घेता येते. आमच्या घरी कोळंबी सोलणे आणि काटे काढणे माझ्याकडे आणि माझ्या मुलाकडे आहे. तरावीहच्या नमाजाला जाण्याआधी हे काम होते. मग पहाटे स्वयंपाकघरात अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ लागत नाही, आणि जी शिजवते ती सगळ्यांबरोबर मांडी घालून बसते. ज्या ताटात सगळ्यांचे पोषण आहे पण वाढणारीचे नाही, त्याला पौष्टिक म्हणायला माझी जीभ वळत नाही.

खाडी राहिली तर

हे सगळे खाडीच्या भरवशावर आहे. वरच्या अंगाला लोटे-परशुरामची औद्योगिक वसाहत आहे. तिचे सांडपाणी खाडीत येते आणि मासे मरतात, अशी तक्रार खाडीकाठचे मच्छीमार वर्षानुवर्षे करत आले आहेत. त्यात भोईही आहेत, खारवीही आणि मुसलमानही. खाडीतली काही म्हावरी आता पूर्वीसारखी मिळत नाहीत, असे काकी म्हणते. तिची टोपली हलकी झाली तर आमचे सहेरीचे ताट बदलेल आणि तिच्या घरची न्याहारीही. तेव्हा चहा-पाव दोघांच्याही वाट्याला येईल.

रमजान हा भुकेची आठवण ठेवण्याचा महिना आहे. ज्यांच्या हातून आपली भूक भागते त्यांचीही आठवण त्यातच येते : पहाटे होडी लोटणारा, दुपारी टोपली उतरवणारी, आणि सगळ्यांच्या आधी उठणारी. या आठवड्यात एखाद्या दिवशी आपल्या गावच्या बाजारातून पाव किलो कोळंबी घ्या, संध्याकाळीच सगळ्यांनी मिळून सोला, आणि सकाळी खिचडी टाका. रोजा असो वा नसो, जी रांधते तिला आधी बसवा.